दादाच्या आजारपणात तुझी जागा

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

दादाच्या मूत्राशयाच्या कॅन्सरवर बीसीजीचे (मूत्राशयात सोडायच्या औषधाचे) सहाही डोस झाले आणि तरी दुर्बिणीच्या तपासणीत पुन्हा गाठ दिसली, हे तुझ्या पत्रात वाचून वाईट वाटलं. ‘सगळं फुकट गेलं’ असं तू लिहिलंस, ते मात्र मनातून काढून टाक. हा कॅन्सर पुन्हा पुन्हा डोकं वर काढतो. म्हणून तर पहिली दोन वर्षं साधारण दर तीन महिन्यांनी दुर्बीण घालून बघतात. गाठ लवकर सापडली, हे त्या तपासणीचंच काम.

आता बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये नीट बघ: ग्रेड (म्हणजे कॅन्सर किती आक्रमक दिसतोय ते) हाय आहे की लो, नमुन्यात स्नायूचा भाग आलाय का, आणि आला असेल तर गाठ त्यात शिरलीय का. स्नायू आलाच नसेल तर पुन्हा खरवडून नमुना घ्यावा लागेल का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचार. पुढचं सगळं यावर ठरतं. कुणाला बीसीजीचा दुसरा कोर्स देतात, कुणाला मूत्राशय काढायचा सल्ला देतात.

दादा काही गोष्टी आईपासून लपवेल, वहिनीपासूनही. लघवीत परत रक्त आलं तर आधी तुलाच कळेल, तेही तुम्ही दोघंच असताना. त्या वेळी घाबरून घरभर करू नकोस आणि दाबूनही ठेवू नकोस. रक्ताच्या गुठळ्या पडून लघवी अडली तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं. बीसीजीनंतर एखाद-दोन दिवस जळजळ आणि कणकण चालते. पण १०१ च्या वरचा ताप दिवसभरात उतरला नाही किंवा थंडी वाजून आला, तर नुसती तापाची गोळी देऊन बसू नका. त्या औषधात क्षयाच्या जातीचे, दुबळे केलेले पण जिवंत जंतू असतात. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी बीसीजी चालू आहे, हे पहिल्यांदा सांगायचं. डोसच्या तारखा आणि रिपोर्ट एका फाइलीत लाव.

सिगारेट हे या आजाराचं सगळ्यात मोठं कारण आहे, आणि ती आता सुटलीच पाहिजे. पण ‘तुझ्याच व्यसनानं झालं’ असं घरात कुणी ऐकवायला लागलं, तर तिथं दादाच्या बाजूनं बोल. आजारी माणसाला अपराधी ठरवून सिगारेट सुटत नाही, तो चोरून ओढायला लागतो.

मूत्राशय काढायची वेळ आलीच, तर माझ्या भावाचं सांगतो. त्याला ऑपरेशनपेक्षा नंतर लघवीसाठी पोटावर लावायच्या पिशवीची भीती होती. लोकांना वास येईल म्हणून त्यानं लग्नकार्याला जाणं बंद केलं. आमच्या समजावण्यानं काही झालं नाही. पिशवी लावून रोज दुकानात बसणारे एक गृहस्थ घरी आले, त्याच्याशी दार लावून बोलले, तेव्हा तो सावरला. तुमच्या डॉक्टरांना असा कुणी पेशंट आहे का विचार, आणि ऑपरेशनच्या आधी विचार. पिशवीची जागाही आधीच ठरवून घ्यायची असते: उभं राहून, बसून, पँट नेहमी जिथं बांधतो तिथं बांधून. एवढ्याशा गोष्टीवर पुढची कित्येक वर्षं सुखाची जातात. काहींना आतड्याचं नवं मूत्राशय करता येतं; दादाच्या बाबतीत ते बसतं का, तेही विचार. दोन्हींत आतडं वापरतात, त्यामुळे लघवीत बुळबुळीत पांढरट धागे दिसतात. ते पू समजून घाबरू नका.

या ऑपरेशननंतर नवरा-बायकोच्या संबंधांवर परिणाम होऊ शकतो. तो विषय निघेल तेव्हा तू केबिनच्या बाहेर थांब. दोघांनाच बोलू दे.

पैशांचं म्हणशील तर ॲडमिट होण्याआधीच हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला गाठून महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते विचार. त्या धावपळीचा भार तू उचललास, तर वहिनीला चार तास झोप मिळेल.

निर्णय मात्र दादाचा. तो आठवडाभर गप्प बसला तर बसू दे, पण हाय ग्रेड असेल तर महिने जाऊ देऊ नकोस. रिपोर्ट आला की त्याला विचारून मला फोटो पाठव. तो नको म्हणाला तर पाठवू नकोस. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न आपण फोनवर लिहून काढू.

तुझा,
काका