छाती दाटली असताना मालिश: रगडायचं नाही, मऊ करायचं

तुझा प्रश्न वाचला. पहिलं बाळंतपण, सिझर होऊन पाचवा दिवस, माहेर गुहागरकडे. छाती दगडासारखी टणक, बाळ तोंड लावतं नि रडत सुटतं. न्हाऊ घालणाऱ्या काकू म्हणतात, गरम तेल लावून चांगलं रगडू, दूध मोकळं होईल. मुंबईची मैत्रीण म्हणते, पंप मागव. मी रत्नागिरी जिल्ह्यात आरोग्यसेविका होते. बाळंतिणींच्या घरी जाणं हेच काम असायचं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

काकूंना मालिश करू दे, पण रगडू देऊ नकोस.

दूध उतरतं त्या दिवसांत, म्हणजे साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी, छातीत नुसतं दूध नसतं. तिथला रक्तपुरवठा वाढलेला असतो, आजूबाजूला पाणी धरलेलं असतं, आणि सिझरला लावलेल्या सलाइनची त्यात भर पडते. म्हणजे ही बरीचशी सूज आहे. सुजलेल्या जागी जोर लावला की आतला नाजूक भाग दुखावतो, सूज वाढते आणि दुधाची वाट आणखी अरुंद होते. पूर्वी दवाखान्यातही ‘गाठ दाबून मोडा’ असंच सांगायचे. पण २०२२ मध्ये ‘अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन’ या डॉक्टरांच्या संस्थेनं स्तनाच्या सुजेबद्दल नव्या सूचना काढल्या. त्यात खोल दाबाचं मालिश टाळा असं स्पष्ट म्हटलंय. काकूंना संस्थेचं नाव सांगून उपयोग नाही, ‘डॉक्टरांनी जोर लावू नका म्हटलंय’ एवढं पुरे.

मग हात कसा फिरवायचा? उताणी पड, पाठीशी दोन उशा घे. बोंडापासून सुरू करून काखेकडे आणि गळ्याच्या हाडाकडे हात न्यायचा. बहुतेकजणी उलट करतात, दूध बाहेर यावं म्हणून सगळं बोंडाकडे ढकलतात. इथे आपल्याला साचलेलं पाणी परत पाठवायचंय, त्याची वाट काखेकडे आहे. दाब इतका हलका की वरची कातडी तेवढी हलावी. दुखलं तर जास्त झालं. खोबरेल तेलाचं बोट चालेल, फक्त बोंड आणि भोवतालचा काळा भाग कोरडा ठेव, नाहीतर बाळाचं तोंड घसरतं.

बाळाला घ्यायच्या आधी आणखी एक गोष्ट कर, ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. दोन्ही हातांची बोटं बोंडाच्या अगदी कडेने गोल ठेव (नखं कापलेली असू देत) आणि सरळ बरगड्यांच्या दिशेनं हळू दाबून साठपर्यंत मोज. बोटांची जागा बदलून पुन्हा. काळा भाग मऊ पडतो. बाळ रडत होतं ते दूध नाही म्हणून नव्हे, टणक फुग्यासारखी छाती त्याच्या तोंडात बसतच नव्हती म्हणून. त्यानंतर अंगठा वर, बोटं खाली, बोंडापासून साधारण दोन बोटांचं अंतर सोडून मागे धरून आधी बरगड्यांकडे आणि मग अंगठा-बोटं एकमेकांकडे दाबून थोडं दूध हातानं काढ. धार यायची गरज नाही, थेंब आले तरी भाग सैल होतो.

मग बाळाला घे. नाक बोंडासमोर, तोंड मोठं उघडलं की हनुवटी आधी टेकव, आणि नुसतं बोंड न देता खालचा काळा भागही भरपूर तोंडात जाऊ दे. टाके दुखत असतील तर कुशीवर झोपून पाज. बाळ चोखता चोखता थांबलं की छाती हातात हलकेच दाबून धर, ओढायला लागलं की धर तसंच, थांबलं की सोड. मालिशचा आणि दाबण्याचा खरा उपयोग एवढाच, सूज मऊ करणं आणि असलेलं दूध वाहतं ठेवणं. मालिशनं दूध ‘बनतं’ असं कुणी सांगितलं तर मान डोलव आणि सोडून दे. दूध बनतं ते छाती रिकामी होते म्हणून. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा, रात्रीही.

शेकाबद्दल: पाजण्याआधी मिनिटभर कोमट फडकं चालेल. तासन् तास शेक नको, त्यानं सूज वाढते. (आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी तर कधीच नको, त्याचा धूर जीवघेणा असतो.) पाजून झाल्यावर गार पाण्यात पिळलेलं फडकं दहा मिनिटं ठेव. आई म्हणेल, बाळंतिणीला गार लावलं की दूध आटतं. तसं होत नाही. अळिवाचे लाडू, मऊ पेज, कुळथाची पिठी आवडीनं खा, पण अळिवावर भरवसा ठेवून बाळाला कमी वेळा घेऊ नकोस. आणि ज्यांची बाळंतपणं अजून व्हायचीत त्यांच्यासाठी: गाईच्या चिकाचा खरवस मिटक्या मारत खाणाऱ्या घरांत आईचा पहिला चीक पिळून टाकतात, हे मला कधी कळलं नाही. तो बाळाला द्यायचाच.

बाळाला पुरतंय का, ते लंगोट सांगतील. आता पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत निदान सहा लंगोट ओले व्हायला हवेत. त्याहून कमी झाले, किंवा बाळ सुस्त पडून दूध मागेनासं झालं, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. तुला थंडी वाजून ताप आला, छातीवर लाल चट्टा उठला, तरीही वाट बघत बसू नकोस. तेव्हाही त्या बाजूनं पाजणं बंद करायचं नसतं, पण औषध लागू शकतं.

पंप आत्ता घेऊ नकोस. बाळ ओढतंय आणि वरून पंपही चालू, असं झालं की शरीर गरजेपेक्षा जास्त दूध बनवायला लागतं आणि दाटणं संपत नाही. एखाद्या वेळी बाळानं धरलंच नाही तर हातानं काढ आणि वाटी-चमच्यानं किंवा घरात जुनं बोंडलं (बाळाला दूध पाजायची चोचीची छोटी वाटी) असेल तर त्यानं पाज. बोंडलं आधी पाण्यात उकळून घे, आणि आपल्याकडच्या उकाड्यात काढलेलं दूध ठेवून देऊ नकोस, लगेच पाज. आशाताई भेटीला येतील तेव्हा बाळाचं वजन करून घे. दोन आठवड्यांच्या आसपास जन्माचं वजन परत यायला हवं.