आधी घरात बोला, मग मेडिकलवर जा

प्रश्न : वय ४६, सातपूरला कंपनीत आहे, शिफ्ट ड्युटी. सहा वर्षांपासून शुगर आहे. वर्षभरापासून ताठरता नीट येत नाही. मित्राने गोळी दिली ती दोनदा घेतली. बायकोला वाटतंय माझं बाहेर काहीतरी चालू आहे. काय सांगू तिला?

उत्तर : दादा, आहे ते सांगा. शुगर बरेच दिवस वाढलेली राहिली की बारीक रक्तवाहिन्या आणि नसा खराब होतात, तिथे रक्त पुरेसं पोचत नाही, शुगरवाल्या कितीतरी पुरुषांना हा त्रास असतो फक्त कोणी तोंड उघडत नाही. तुम्ही कूस बदलून झोपता आणि ती बिचारी रात्रभर आपल्यातच काय कमी आहे ते शोधत बसते, हे इतक्या जोडप्यांमध्ये बघितलंय की खरंच जीव तुटतो. पण हा विषय रात्री बेडवर काढू नका, तिथे दोघंही आधीच टेन्शनमध्ये असता. सुट्टीला सोमेश्वरला नाहीतर गंगापूर धरणाकडे चक्कर मारा आणि एवढंच म्हणा, "मला तू हवी आहेस, पण शरीर साथ देत नाहीये, शुगरमुळे असेल, डॉक्टरकडे सोबत येशील?" हे "सोबत येशील" फार महत्त्वाचं आहे, कारण त्याने तिचा संशय जातो.

आणि ती मित्राची गोळी आजच बंद. छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी चालू असेल तर या दोन गोळ्यांनी बीपी धाडकन खाली येतं, जीवावर बेततं. शिवाय हा त्रास कधी कधी हृदयाच्या आजाराची पहिली खूण असतो, म्हणून एचबीएवनसी (मागच्या तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी), कोलेस्टेरॉल, ईसीजी करून घ्या. मग डॉक्टर देतील ती गोळी घ्या, त्यात लाजण्यासारखं काहीच नाही.

प्रश्न : मी सिडकोत राहते, बाळ चार महिन्यांचं आहे, अंगावर पितं. संबंधाच्या वेळी खूप आग होते. हे म्हणतात सहा आठवडे तर कधीच झाले, आता काय प्रॉब्लेम? मी दात आवळून सहन करते.

उत्तर : ताई, सहन करणं आधी थांबवा. अंगावर पाजताना इस्ट्रोजेन कमी असतं, त्यामुळे योनीमार्ग कोरडा राहतो आणि दुखतं, तुमचं प्रेम आटलंय असं अजिबात नाही. सहा आठवडे म्हणजे काही डेडलाईन नाही हो! यांना हा परिच्छेद वाचायला द्या. दुखतं म्हटलं की थांबायचं, बस. पाण्याच्या बेसचं ल्युब्रिकंट मेडिकलला मिळतं. खोबरेल तेल कंडोमसोबत नको, तेलाने लॅटेक्स फाटतं. आणि पाळी आली नाही म्हणून बिनधास्त राहू नका, त्याआधीही दिवस जाऊ शकतात. तरीही दुखलं तर टाके तपासून घ्या.

प्रश्न : दोन मुलं झाली. नवरा नसबंदीला तयार आहे पण सासूबाई म्हणतात ताकद जाईल, द्राक्षाची छाटणी कोण करणार? (निफाड)

उत्तर : ताकद जात नाही. फक्त शुक्राणूंच्या नळ्या बंद करतात, पुरुषी हार्मोन रक्तातून जातं ते चालूच राहतं, इच्छा आणि ताठरताही तशीच. बिनटाक्याच्या पद्धतीत माणूस त्याच दिवशी घरी येतो. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, शंभर वर्षं उलटली तरी आपल्याकडे ऑपरेशन म्हटलं की बाईच पुढे, म्हणून तुमच्या नवऱ्याचं मला मनापासून कौतुक वाटतं. सासूबाईंशी त्यानेच बोलू दे, सुनेने सांगितलं की घरात भांडण होतं. आठवडाभर जड उचलायचं नाही, म्हणून ऑक्टोबर छाटणीच्या आधीच उरकून घ्या. आणि पुढचे तीन महिने कंडोम लागेलच, वीर्य तपासून रिपोर्ट शून्य येईपर्यंत.