वाचकांचे प्रश्न : भटकी कुत्री मोजायची कशी?

प्रश्न : आम्ही प्राणिशास्त्राचे विद्यार्थी. सोलापुरात तीन ठिकाणी भटकी कुत्री मोजतोय : पेठेतला बाजार, अक्कलकोट रोड एमआयडीसीची बाजू आणि हिप्परगा तलावाचा काठ. पहिल्या दिवशी प्रत्येक कुत्र्याचा फोटो काढतो, दुसऱ्या दिवशी त्यातली किती पुन्हा दिसली ते पाहतो. बाजारातलं गणित सुटतं. तलावाकाठी मात्र पहिल्या दिवशीचं एकही कुत्रं परत दिसत नाही आणि शून्याने भागायची वेळ येते. तिन्हींचे आकडे एकत्र करून एकदाच सूत्र लावलं तर?
— विद्यार्थी गट, सोलापूर

उत्तर : सगळं सरसकट एकत्र करू नका. शून्य आलं म्हणून तलावाकाठ गाळूही नका. का, ते आकड्यांवरच पाहू. आकडे हिशेबाच्या सोयीसाठी आमच्या मनचे आहेत.

बाजारात पहिल्या दिवशी 40 कुत्री, दुसऱ्या दिवशी 36, दोन्ही दिवशी दिसलेली 24. साध्या सूत्राने 40 × 36 ÷ 24 = 60. एमआयडीसीत 12, 10 आणि 3, म्हणजे 12 × 10 ÷ 3 = 40. दोन्ही मिळून 100. आता हीच दोन ठिकाणं आधी एकत्र करा : 52 × 46 ÷ 27 = सुमारे 89. अकरा कुत्री कागदावरच गायब! कारण सरळ आहे. बाजारातलं कुत्रं चहाच्या टपरीसमोर उघड्यावर बसतं, ते दोन्ही दिवशी सापडतं. एमआयडीसीतलं वेड्या बाभळीआड असतं. पुन्हा दिसलेल्या 27 पैकी 24 बाजारातली, त्यामुळे झुडपातली कुत्रीही तितकीच सहज दिसतात असं सूत्र धरून चालतं. दिसण्याची शक्यता ठिकाणागणिक वेगळी असेल, तर एकत्र केलेला अंदाज कमीच येतो.

तलावाकाठी 5, 4 आणि 0 धरू. एकट्या या आकड्यांतून काही हाती लागणार नाही. पण झुडपं, मोकळी जागा, माणसांची वर्दळ, सगळ्याच बाबतींत हा भाग एमआयडीसीसारखा आहे. म्हणून या दोघांचीच दिसण्याची शक्यता सारखी धरा आणि बाजार वेगळा ठेवा. दोघांची बेरीज 17, 14 आणि 3. आकडे इतके लहान असतील तेव्हा चॅपमनचं सूत्र वापरायचं : दोन्ही दिवसांच्या आकड्यांत एकेक मिळवून गुणाकार करा, पुन्हा दिसलेल्यांत एक मिळवून त्याने भागा, शेवटी एक वजा करा. 18 × 15 ÷ 4 − 1 = 66.5. आता वाटणी. एमआयडीसीत दिसलेली वेगवेगळी कुत्री 12 + 10 − 3 = 19, तलावाकाठी 9. त्याच प्रमाणात 66.5 वाटले की एमआयडीसीत 45 आणि तलावाकाठी 21. तलावाकाठच्या शून्यानेही इथे काम केलंय. एमआयडीसीचा आकडा त्यामुळेच 40 वरून वर सरकला.

मात्र या 66.5 ची प्रमाणत्रुटी, म्हणजे अंदाज साधारण किती इकडेतिकडे होऊ शकतो त्याचं माप, जवळजवळ 23 येते. बाजारातल्या 60 ची फक्त 4. अहवालात त्रुटीशिवाय नुसता आकडा छापू नका. पुन्हा दिसलेली निदान 7 तरी असावीत, नाहीतर चॅपमनचं सूत्रही अंदाज कमीच दाखवतं. उपाय म्हणजे झुडपी भागात तिसरी आणि चौथी फेरी. फेऱ्या वाढल्या की प्रत्येक कुत्र्यापुढे 1011 असा नोंदक्रम लिहा (दिसलं तर 1, नाही तर 0) आणि ‘मार्क’ या मोफत प्रोग्राममध्ये तिन्ही ठिकाणं तीन गट म्हणून भरा. शक्यता सगळीकडे सारखी, बाजाराची वेगळी, दिवसागणिक वेगळी अशी निरनिराळी प्रारूपं लावून एआयसी (प्रारूप आकड्यांशी किती जुळतं आणि किती गुंतागुंतीचं आहे, यांचा तोल दाखवणारा आकडा) सर्वांत कमी कुठे येतो ते पाहा.

गणितापेक्षा जास्त घोटाळा होतो तो फोटो जुळवताना. एकच कुत्रं दोन वेगळी समजलात, तर अंदाज फुगतो. दोन तांबडी कुत्री एकच समजलात, तर आकसतो. आपल्याकडे अंगावर डाग नसलेली तांबडी कुत्री ढिगाने, म्हणून प्रत्येकाची डावी बाजू, उजवी बाजू आणि समोरून तोंड असे तीन फोटो हवेत. फक्त डाव्या बाजूचा फोटो फक्त उजव्या बाजूच्या फोटोशी जुळवायला जाऊ नका. शेपटीचा वळसा, कानाचा फाटका कोपरा, पंजावरचा पांढरा भाग आणि नर की मादी हे जागेवरच वहीत उतरवा. जुळणी दोघांनी स्वतंत्रपणे करायची आणि मतभेदाचे फोटो तिसऱ्याला दाखवायचे.

बिस्किटं टाकू नका. चटावलेलं कुत्रं दुसऱ्या दिवशी स्वतःहून समोर येतं आणि अंदाज खाली जातो. हाकललेलं कुत्रं लपतं आणि अंदाज वर जातो. फेरी पहाटे साडेपाच ते साडेसात, रस्ता तोच, वेग तोच. सोलापूरच्या उन्हाळ्यात आठ वाजले की निम्मी कुत्री हातगाड्यांखाली आणि गटारीच्या कडेला शिरलेली असतात. फेऱ्या लागोपाठच्या दिवशी घ्या, म्हणजे मधल्या काळात जन्म, मृत्यू, ये-जा नगण्य राहते. गड्डा यात्रेच्या दिवसांत होम मैदानाच्या आसपास मोजणी ठेवू नका, खाण्याच्या ओढीने बाहेरची कुत्री तिथे येतात. लहान पिल्लं वेगळी नोंदवा.

प्रश्न : नसबंदी झालेल्या कुत्र्यांच्या कानाला खाच असते. तीच खूण धरली तर पहिली फेरी वाचेल ना?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : वाचेल, आणि खाच पुसली जात नाही हा तिचा मोठा फायदा. अडचण वेगळीच आहे. नोंदवहीतल्या खाचवाल्या कुत्र्यांपैकी आज जिवंत किती? समजा वहीत 100 आहेत. फेरीत 50 कुत्री दिसली, त्यातली 20 खाचवाली. अंदाज 100 × 50 ÷ 20 = 250. पण मधल्या काळात 20 खाचवाली मेली असतील, तर खरा हिशेब 80 × 50 ÷ 20 = 200. म्हणून नुकत्याच झालेल्या मोहिमेच्या नोंदीच घ्या. कुत्री जिथून उचलली तिथेच सोडली होती का, तेही विचारा. सर्वसाधारण नियम तसाच आहे. दुसऱ्या पेठेत सोडली असतील, तर दोन्ही ठिकाणांचे हिशेब बिघडतात. खाच लांबून दिसत नाही, दुर्बीण जवळ ठेवा. आणि कान नीट न दिसलेलं कुत्रं ‘बिनखाचेचं’ म्हणून लिहू नका, त्याला वेगळा रकाना करा.

प्रश्न : नान्नजच्या माळरानावरची काळविटं याच पद्धतीने मोजता येतील?
— शिक्षक, उत्तर सोलापूर

उत्तर : नाही. वाघाच्या पट्ट्यांसारखी ओळख काळविटाला नसते. मोडक्या शिंगाचा एखादा नर लक्षात राहील, पण माद्या एकसारख्या दिसतात. तिथे ठरावीक सरळ रेषांवर चालत जायचं आणि प्रत्येक कळप रेषेपासून किती काटकोनी अंतरावर दिसला ते अंतरमापकाने मोजायचं. लांबच्या कळपांची नोंद जशी घटत जाते, त्यावरून न दिसलेल्यांचा अंदाज निघतो. कळप बिथरून सरकण्याआधीची जागाच धरायची. नान्नज माळढोक अभयारण्यात असल्याने पाऊल टाकण्याआधी वनविभागाची लेखी परवानगी लागते.