माझ्या माघारी याचं कोण करल?

स्वमग्न (ऑटिस्टिक) लेकरू वयात यायला लागलं की बहुतेक आया हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात. लातूर जिल्ह्यातल्या एका गावाहून आलेल्या ताईंनी तो विचारला तेव्हा त्यांचा मुलगा पंधरा वर्षांचा होता आणि त्यांच्यापेक्षा वीतभर उंच. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मुलगा बोलत नाही. भूक लागली की आईचा हात धरून तिला चुलीकडे नेतो. चोवीस तास कुणीतरी मोठं माणूस जवळ लागतं. २०२१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने अशा मुलांसाठी ‘प्रोफाउंड ऑटिझम’ ही वेगळी संज्ञा सुचवली, नाहीतर स्वमग्नतेच्या एरवीच्या चर्चेत त्यांच्या गरजा मागेच राहतात.

दिवसातलं सगळ्यात जड काम कोणतं, असं मी विचारलं. आंघोळ, म्हणाल्या. त्यांचा खांदा आखडला होता, आणि ओला मुलगा हातात ठरत नव्हता. “समदं मीच करते. त्याला काहीच येत नाही.”

मी त्यांना आंघोळ पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायला लावली. सांगता सांगता त्याच म्हणाल्या, पाणी कढत असलं तर मागं सरकतो, आणि शेवटचा तांब्या पडला की आपला आपण उठतो. म्हणजे आंघोळ संपली हे त्याला कळत होतं. आम्ही तिथूनच सुरुवात केली. बाकी सगळं आईनेच करायचं. फक्त शेवटचा तांब्या त्याच्या हाताने अंगावर पडेल असं बघायचं. तो जमला की शेवटचे दोन, मग तीन. शेवटाकडून मागे येत शिकवलं की प्रत्येक वेळी काम पुरं केल्याचा अनुभव मुलाच्या वाट्याला येतो. पहिली पायरी शिकवून पुढचं आईने आवरलं तर तो अनुभव आईकडेच राहतो.

आपल्याकडची पाण्याची टंचाई इथे मदतीला आली. नळाखाली आंघोळ केली तर ती कधी संपणार हे या मुलांना दिसत नाही. मोजून भरलेल्या बादलीचा तळ दिसतो. उन्हाळ्यात टँकरवर दिवस काढताना ताई अर्धीच बादली भरत, तरी त्याचं बिनसलं नाही, कारण बादली तीच होती आणि तांब्याही तोच.

अडलं ते बोलण्यापाशी. आई आतून सांगायची, “घे, घे, ओत,” आणि आजी दारातून तेच. मायेपोटीच, पण त्या आवाजाशिवाय त्याचा हात उचलेना. हाताचा आधार हळूहळू काढता येतो: आधी मनगटाला, मग कोपराला, मग नुसतं पाठीमागे उभं राहायचं. तोंडी सूचनेची सवय त्याहून चिवट असते. म्हणून मी दोघींना न्हाणीत गप्प राहायला सांगितलं. तांब्या त्याच्यापुढे ठेवायचा, मनात पाचपर्यंत मोजायचं, आणि नाहीच उचलला तर कोपराला हलका स्पर्श करायचा. आजींना हे फार कठीण गेलं. गप्प राहणं त्यांना लेकराकडे दुर्लक्ष केल्यासारखं वाटे.

मध्येच त्याने सगळं सोडलं. पाणी दिसलं की हात चावायचा. आलेलं कौशल्य असं अचानक गेलं तर मी आधी दुखणं शोधायला सांगते: कान, दात, पोट साफ न होणं. त्याचा कान फुटला होता. औषधाने आठवड्यात उतार पडला. याच वयात काही मुलांना पहिल्यांदा फीट येते. एकटक बघत राहणं, अंग झटकणं दिसलं तर डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नये.

मिशी फुटलेल्या मुलाला आईने आंघोळ घालू नये, हे ताईंना कळत होतं, पण म्हणायचं कुणाला? मी वडिलांना आणि धाकट्या चुलत्यांना बोलावून घेतलं. कपडे न्हाणीतच बदलायचे, दार लोटल्याशिवाय चड्डी काढायची नाही, हे रोज पुरुषांनीच करून घ्यायचं ठरलं. चुलत्यांचा हात त्याने आधी झिडकारला. पण माझ्या मते ताईंच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या दुसऱ्या हातात होतं. हा मुलगा पूर्ण एकट्याने राहील असं मी त्यांना कधी सांगितलं नाही. ज्याला आईशिवाय दुसऱ्या कुणाच्याही हातून आंघोळ चालते, जेवण चालतं, त्याचं पुढे निभणं सोपं जातं. त्यामुळे येणारं प्रत्येक काम घरातल्या दोघा-तिघांसोबत करून घ्यायचं.

कागदाचंही बोललो. यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, होतं; स्वमग्न मुलांनाही मिळणारा ‘निरामय’ हा सरकारी आरोग्य विमा नव्हता. त्यात वर्षाला एक लाखापर्यंत उपचारखर्च मिळतो. अठरा पूर्ण झाल्यावर कायद्याने आईबाप आपोआप पालक राहत नाहीत. त्यासाठी १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो.

आता तो तांबे स्वतः ओतून घेतो. साबण पाठीला पोचत नाही, नखं कापू देत नाही. मागच्या भेटीत ताईंनी विचारलं, पंचमीला माहेरी एक रात्र राहू का? मी म्हटलं, आधी गावातच जावेकडे मुक्काम करा, सकाळची आंघोळ चुलत्यांना करू द्या आणि तुम्ही नऊच्या आत घरी येऊ नका. चुलत्यांसाठी कागद लिहिला आहे: पाणी किती कोमट, कोणता तांब्या, आणि कुणीही बोलायचं नाही.