आजी कोंबडीची भाजी अंगणात का शिजवते?

लीड्स, इंग्लंड

चि. लेकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा ध्वनिमुद्रित निरोप काल रात्री दोनदा ऐकला. घरात गॅस आणि प्रेशर कुकर असताना आजीने रविवारी कोंबडीची भाजी अंगणात तीन दगडांच्या चुलीवर, माळ्यावरून काढलेल्या निराळ्या पातेल्यात का केली, दुपारी चारला चढवलेली ती भाजी ताटात यायला रात्रीचे आठ का वाजले, आणि तू परत आल्यावर आपल्या स्लो कुकरमध्ये तीच भाजी धाकट्यासह सगळ्यांना खाता येईल अशी करता येईल का, असे तुझे तीन प्रश्न आहेत. फोनवर दोन वाक्यांत आटोपावेत असे ते नाहीत, म्हणून पत्र लिहीत आहे.

आधी वेगळ्या पातेल्याचे सांगते. आपल्या घरात तुझ्या थोरल्या आजोबांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे आणि ते मांसाहार करत नाहीत, हे तू पाहतेसच. खान्देशात अशी घरे पुष्कळ आहेत. वारकरी आणि महानुभाव या दोन्ही पंथांचा आपल्या भागावर मोठा प्रभाव आहे आणि दोन्हींत मांसाहार वर्ज्य मानला जातो; त्यामुळे एकाच छपराखाली खाणारे आणि न खाणारे असे दोन्ही राहतात. देवघर स्वयंपाकघराला लागून, रोजची वरण-भाताची पातेली तीच, अशा घरात एकाच्या जेवणामुळे दुसऱ्याला संकोच वाटू नये म्हणून ही भाजी अंगणात नेली गेली, तिची भांडी वेगळी ठेवली गेली, आणि सोमवार, गुरुवार, एकादशी व सबंध श्रावण महिना ती न करण्याचे ठरले. प्रत्येक घराचे वार थोडे निराळे असतात. मला ही रीत मनापासून आवडते, कारण तीत कोणी कोणाला आपल्यासारखे व्हायला सांगत नाही. थोरले आजोबा ओसरीवर बसून वांग्याचे भरीत आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी जेवतात, अंगणात रस्सा उकळत असतो, आणि कोणाचेही जेवण बिघडत नाही. दुसरे कारण अगदी साधे आहे. सुके खोबरे आणि लाल मिरची भाजताना उठणारा ठसका बंद स्वयंपाकघरात सहन होत नाही.

आता चार तासांचा हिशेब. गावरान कोंबडी परसात हिंडून-फिरून, दाणे टिपत वाढते आणि कापेपर्यंत चांगली जून झालेली असते. चालणाऱ्या पायांत कोलॅजन नावाचे चिवट प्रथिन अधिक असते आणि वय वाढेल तसे ते घट्ट विणले जाते. ओलाव्यात, साधारण ७० अंशांच्या पुढच्या उष्णतेत बराच वेळ राहिल्यावर ते विरघळून जिलेटिन होते. मांस हाडापासून सुटते आणि रश्शाला तो अंगचा दाटपणा येतो, जो पीठ लावून कधीच येत नाही. इथल्या दुकानात मिळणारी ब्रॉयलर कोंबडी सुमारे सहा आठवड्यांची असते, म्हणून ती अर्ध्या तासात शिजते. आजीच्या कोंबडीला दीड-दोन तास तरी मंद आच लागतेच, आणि उरलेला वेळ मसाल्याचा.

सरपण कसे बदलते हेही पुढच्या रविवारी नीट पाहा. सुरुवातीला आजी पऱ्हाटी घालते, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर शेतात उरलेल्या काड्या. त्या भडकन पेटतात आणि पातेल्याला लवकर उकळी आणतात. मग ती बाभळीची दोन लाकडे सरकवते आणि शेवटी ज्वाळा जाऊ देऊन नुसत्या निखाऱ्यांवर, कधी एखादी गोवरी टाकून, भाजी सोडून देते. याच निखाऱ्यांत तिने अख्खे कांदे सालीसकट पुरले असतील आणि खोबऱ्याची वाटी चिमट्यात धरून जाळावर फिरवली असेल. सालीबाहेरून कोळसा झालेला कांदा आतून मऊ आणि गोड होतो. खोबरे गडद तपकिरी करायचे असते, जाळायचे नसते. त्या दोहोंत अर्ध्या मिनिटाचे अंतर असते आणि ते अंतर ओळखणे हीच या स्वयंपाकातली खरी विद्या आहे. त्यात लसूण, आले, कोथिंबीर आणि धने, लवंग, मिरे, दगडफूल, मसाला वेलची, तमालपत्र यांचा भाजून कुटलेला काळा मसाला वाटला की आपला काळा रस्सा तयार होतो. काळेपणा हा भाजण्याचा रंग आहे. पाहुणे त्याला नुसता तिखटपणा समजतात, ते मला पटत नाही.

आता आपल्या स्लो कुकरकडे येते. त्याची कथा तुला आवडेल. शिकागोच्या इर्व्हिंग नॅक्सन या संशोधकाला १९४० साली अशा विजेच्या भांड्याचे पेटंट मिळाले. त्याच्या आईने त्याला तिच्या लहानपणीच्या लिथुआनियातली एक आठवण सांगितली होती. ज्यू घरांत शब्बाथच्या, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या, दिवशी विस्तव पेटवत नसत, म्हणून आदल्या दिवशी त्याची आजी चोलंट नावाचा कडधान्य-मांसाचा पदार्थ भांड्यात भरून गावच्या बेकरीच्या भट्टीत ठेवायला देई. भट्टी विझत आलेली असे आणि उरलेल्या उबेवर तो रात्रभर शिजे. ती ऊब विजेवर आणण्याचा नॅक्सनचा प्रयत्न होता. पुढे १९७१ मध्ये दुसऱ्या एका कंपनीने तेच भांडे ‘क्रॉक-पॉट’ या नावाने बाजारात आणले आणि नोकरी करणाऱ्या बायकांच्या स्वयंपाकघरांत ते पोहोचले. म्हणजे आपल्या ओट्यावरचे ते भांडेही एका आजीच्या निखाऱ्यांतूनच आलेले आहे आणि आपल्या भाजीला ते परके नाही.

मात्र त्याची एक मर्यादा ओळखली पाहिजे. प्रेशर कुकरसारखा दाब नसलेल्या, पाणी असलेल्या भांड्यात उष्णता १०० अंशांच्या वर जात नाही, आणि कांदा-खोबऱ्याला भाजका रंग व वास यायला साधारण १४० अंशांच्या पुढची कोरडी धग लागते. स्लो कुकर निखाऱ्यावरचे शिजणे हुबेहूब करतो. जाळावरचे भाजणे त्याला मुळीच येत नाही. सगळे कच्चेच एकत्र टाकून झाकण लावले की जी फिकट, उकडलेल्या कांद्याच्या वासाची भाजी होते, ती मी आपल्या पहिल्या हिवाळ्यात इथे केली होती आणि तुझ्या बाबांनी काही न बोलता खाल्ली होती. तेव्हापासून मी काम दोन भागांत करते, आणि धाकट्याचा प्रश्नही त्यातच सुटतो.

पहिला भाग अळणीचा. आमच्या लहानपणी मसाला पडण्याच्या आधी आजी पातेल्यातले हळद-मिठाचे पाणी आणि दोन मऊ तुकडे मुलांसाठी, आजाऱ्यासाठी किंवा घरातल्या बाळंतिणीसाठी वाटीत काढून ठेवत असे. त्याला आम्ही अळणी म्हणायचो, जरी त्यात मीठ असले तरी. आपल्या चौघांसाठी एक किलो हाडासकट मांड्या आणि तंगड्या घ्यायच्या, कातडी काढायची. छातीचे मांस इतका वेळ ठेवले तर कोरडे आणि भुसभुशीत होते, म्हणून ते नको. एक चमचा हळद, दीड चमचा मीठ, मोठा चमचाभर आले-लसणाचे वाटण चोळून तुकडे स्लो कुकरमध्ये घालायचे, बारीक चिरलेला एक कांदा आणि फक्त ३०० मिलिलिटर कढत पाणी. आजी तांब्याने पाणी ओतते, कारण तिच्या पातेल्यातून वाफ निघून जाते. इथे झाकणाखाली ती परत भांड्यातच पडते आणि कोंबडीलाही पाणी सुटते. रविवारी दुपारी एक वाजता मंद आचेवर लावले की साडेसहापर्यंत मांस हाड सोडू लागते.

मधेच झाकण उघडून पाहू नकोस. प्रत्येक वेळी साठलेली ऊब निघून जाते आणि ती परत यायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. फ्रीझरमधली गोठलेली कोंबडी तशीच कधीही घालू नये. ती आदल्या रात्री फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात वितळू द्यावी, कारण गोठलेले मांस हळूहळू तापताना फार वेळ कोमट राहते आणि त्या कोमटपणातच जंतू वाढतात. शिजल्याची खात्री करायची तर सर्वांत जाड तुकड्याच्या मध्याशी, हाडाला न टेकवता, ७४ अंश दिसले पाहिजेत. आपला मांसाचा तापमापक दुसऱ्या खणात आहे.

दुसरा भाग काळ्या रश्शाचा, आणि तो शेगडीवरच. दोन कांदे अर्धे कापून ओव्हनमध्ये २२० अंशांवर कडा काळ्या पडेपर्यंत, सुमारे ४० मिनिटे, भाजायचे. ५० ग्रॅम सुक्या खोबऱ्याचे काप तव्यावर मंद आचेवर गडद करायचे. ते लसणाच्या दहा पाकळ्या, आल्याचा तुकडा आणि देठांसकट कोथिंबिरीबरोबर अगदी बारीक वाटायचे. तीन मोठे चमचे शेंगदाणा तेलात हे वाटण दहा-बारा मिनिटे, कडेने तेल सुटेपर्यंत, परतायचे. मग आच कमी करून दोन चमचे काळा मसाला. मसाला शेवटी घालायचा, कारण तो आधीच भाजलेला असतो आणि जास्त वेळ तेलात राहिला तर कडू होतो. धाकट्याचे तुकडे व अळणी आधी बाजूला काढून, यावर स्लो कुकरमधले उरलेले पाणी कढत असतानाच ओतायचे, आणखी तीन-चार पेले उकळते पाणी घालायचे, आणि उरलेली कोंबडी त्यात सोडायची. पंधरा मिनिटांच्या उकळीनंतर वर लाल तर्री येते. थंड पाणी ओतले तर ती तितकी छान येत नाही, असा माझा अनुभव आहे.

रस्सा पातळच ठेवायचा. हॉटेलात मिळणारी लगद्यासारखी दाट ‘खान्देशी करी’ पाहून मला वाईट वाटते. आपल्या घरी एक कोंबडी आणि जेवणारी बारा माणसे असत. रस्सा पातळ असल्यामुळेच प्रत्येकाच्या ताटात बाजरीची किंवा ज्वारीची भाकरी चुरून भिजेल इतका तो पुरत असे. धाकट्याला अळणीत मऊ भात आणि वर तूप. तुला आवडेल तितकी तर्री तू घे, बाबांना सगळी चालते.

एक गोष्ट मात्र मला आजीच्या अंगणातून इथे आणायची नव्हती, आणि ती तुला मोकळेपणाने सांगते. माझ्या लहानपणी आधी पुरुषांची आणि मुलांची पंगत बसे; आजी आणि काकू चुलीपाशी भाकरी थापत राहत, आणि त्यांच्या वाट्याला बहुतेक वेळा रस्साच उरे, एखादी मान किंवा पंख. आजीने त्याची कधी तक्रार केली नाही, पण मी ते पाहत होते. स्लो कुकरवर माझे प्रेम बसले त्याचे कारण शिजवणे सोपे झाले एवढेच नाही. शिजल्यावर ‘वॉर्म’वर ठेवले की अळणी ६० अंशांच्या वर गरम राहते, भाकऱ्या आधी करून कापडात गुंडाळता येतात, आणि जिने स्वयंपाक केला तीही सगळ्यांबरोबर पहिल्या घासाला बसते. आपल्या टेबलावर भांडे मधोमध ठेवतो आणि तुकडे सगळ्यांच्या ताटांत सारखे पडतात, ते याचसाठी. या वेळी तू तिथे आहेस, तर पुढच्या रविवारी आजीला भाकऱ्या आधी करायला लाव आणि तिला पहिल्या पंगतीत तुझ्याशेजारी बसव. ती नाही म्हणेल. तू हात धरून बसव, आणि तिच्या ताटात तंगडी तू स्वतः वाढ. मग तीच तुला अहिराणीत विचारील, “भाजी कशी शे?”

आणखी एक काम आहे. आजी काळा मसाला मुठीने आणि डोळ्यांनी करते, त्यामुळे मी कितीदा विचारले तरी मला प्रमाण मिळालेले नाही. मामाच्या दुकानातला छोटा वजनकाटा घेऊन तिच्या शेजारी बस. तिने प्रत्येक जिन्नस मुठीत घेतला की तो आधी काट्यावर टाकायला सांग आणि वहीत ग्रॅममध्ये लिही. दगडफूल आणि मसाला वेलची विशेषकरून, कारण माझे तिथेच चुकते असे मला वाटते. मिरची कोणती आणि कोणत्या क्रमाने काय भाजते हेही लिही. तयार मसाला अर्धा किलो, दुहेरी पिशवीत, कपड्यांपासून दूर ठेवून आण. तू येशील त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार आहे, मांड्या मी शुक्रवारीच आणून ठेवते.

थोरल्या आजोबांना आणि आजीला माझा नमस्कार सांग.

तुझी,
आई