फोल्डर शेअर करायला टर्मिनल का लागावं?

प्रश्न : ताई नमस्कार. माझं सांगलीत छोटं डीटीपी सेंटर आहे, तीन मशीन आहेत, दोन विंडोज ११ प्रो आणि एक उबंटू (लिनक्स). लग्नपत्रिकांच्या फायली पेनड्राइव्हवर इकडून तिकडे न्यायचा कंटाळा आला म्हणून उबंटूवर होम मधल्या फोल्डरवर राइट क्लिक करून शेअर केलं, गेस्टला परवानगी पण दिली. विंडोजच्या नेटवर्कमध्ये मशीन दिसतच नाही, आयपी टाकून गेलो तर पासवर्ड मागतं, आणि लॉगिनचाच पासवर्ड टाकला तर चुकीचा म्हणतं. ओळखीच्या एकाने आख्ख्या होम फोल्डरला ७७७ (म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी) द्यायला सांगितलं ते पण केलं, तरी नाही. माझा प्रश्न असा की शेअर करायचं बटण डेस्कटॉपने दिलंय तर पुढचं सगळं त्यानेच का करू नये?

उत्तर : करावं, शंभर टक्के करावं. आणि ज्याला पूर्ण करायचं नाही त्याने ते बटण देऊच नये असं माझं मत आहे, कारण बटण नसतं तर तुम्ही सरळ कुणाला तरी विचारलं असतं, बटण असल्यामुळे तुम्हाला वाटलं की झालं काम आणि मग चूक आपलीच असणार म्हणून तुम्ही ७७७ पर्यंत गेलात. ते ७७७ आधी काढा बरं का. होमची परवानगी परत ७५० (म्हणजे परक्यांना मज्जाव) करा, कारण आत्ता त्या मशीनवरचा कुठलाही युजर तुमच्या फायली नुसत्या बघू नाही तर बदलू पण शकतो.

आता पासवर्डचं. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा माझा पण एक अख्खा रविवार यातच गेला होता, म्हणून नीट सांगते. लिनक्स तुमचा लॉगिन पासवर्ड जसाच्या तसा ठेवत नाही, त्याचा हॅश, म्हणजे त्यापासून बनवलेली सांकेतिक अक्षरांची ओळ, ठेवतं, आणि त्यावरून मूळ पासवर्ड परत काढता येत नाही. विंडोजला मात्र वेगळ्याच पद्धतीने बनवलेला हॅश लागतो. म्हणून सांबा, म्हणजे लिनक्सवर विंडोजची भाषा बोलणारा प्रोग्राम, स्वतःची वेगळी पासवर्डची यादी ठेवतो आणि त्यात तुमचं नावच नाहीये! हे डेस्कटॉपला गुपचूप करता येणार नाही, मान्य, पण एक चौकट उघडून "शेअरिंगसाठी पासवर्ड टाका" एवढं तर विचारता येतं ना? केडीई या दुसऱ्या लिनक्स डेस्कटॉपचं डॉल्फिन, म्हणजे त्याचा फाइल मॅनेजर, ते विचारतं, सांबा नसेल तर इन्स्टॉल करू का हेही विचारतं. म्हणजे जमतंय.

गेस्टचं दुखणं निराळं. उबंटूने २१.०४ पासून नवीन युजरचं होम ७५० केलंय, म्हणजे परका माणूस दारातूनच परत, आतल्या फोल्डरला कितीही सूट द्या. हा बदल चांगलाच आहे, पण शेअर करताना "वरच्या फोल्डरमुळे गेस्टला आत येता येणार नाही" ही एक ओळ दाखवायला काय हरकत होती? आणि तिकडे विंडोज ११ प्रो २४एच२ या व्हर्जनपासून बिनापासवर्डचं गेस्ट कनेक्शन स्वतःहूनच नाकारतं, त्यामुळे गेस्टचा नाद सोडाच.

मशीन दिसत नाही कारण पूर्वी नेटवर्कमधली यादी जुन्या एसएमबी १ च्या, म्हणजे विंडोजच्या फायली शेअर करायच्या जुन्या भाषेच्या, जोरावर चालायची. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने त्यातल्याच भोकातून जगभर धुमाकूळ घातला, त्याच वर्षी विंडोज १० च्या नव्या इन्स्टॉलमधून ते बाद होऊ लागलं, सांबाने पण ४.११ पासून डिफॉल्ट बंद केलं. आता विंडोजला दिसायला डब्ल्यूएसडीडी नावाचा छोटा प्रोग्राम लागतो, तो वेगळा टाकावा लागतो. नाही टाकला तरी आयपीने काम होतं.

काही जण म्हणतात डेस्कटॉपचं काम खिडक्या आणि आयकॉन, सर्व्हरच्या फायलीत त्याने हात घालू नये. त्यातलं अर्धं मला पटतं. सांबाची मुख्य कॉन्फिग फाइल डेस्कटॉपने लिहू नये, एखाद्याने हाताने नीट बसवलेलं त्यात उडून जाईल. पण सांबानेच त्यासाठी यूजरशेअर म्हणून सोय ठेवलीये, साध्या युजरने रूट (सर्वाधिकारी युजर) न होता आपल्या मालकीचं फोल्डर शेअर करायचं, त्याची नोंद वेगळ्या छोट्या फाइलमध्ये, आणि अशी किती शेअर चालतील ते अ‍ॅडमिन ठरवतो. सांबाच्या मूळ सेटिंगमध्ये ती मर्यादा शून्य आहे, डेबियन आणि उबंटू १०० करून देतात. मग डेस्कटॉपने याच कुंपणाच्या आत राहून पासवर्ड, परवानगी, फायरवॉल सगळं तपासावं आणि शेवटी दुसऱ्या मशीनवर नेमका कोणता पत्ता टाकायचा तो मोठ्या अक्षरात दाखवावा. तुमच्यासारख्या दुकानदाराने हॅश शिकत बसायचं का?

आत्तापुरतं असं करा, शेअरमधली गेस्टची टिक काढा, टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) सुडो लावून एसएमबीपासवर्ड ही कमांड मायनस ए आणि तुमच्या युजरनेमसकट चालवा (स्पेलिंगमध्ये पासवर्डचा ओ आणि आर गाळायचा), तिथे पासवर्ड ठेवा, मग विंडोजमधून आयपीने जाऊन तेच नाव आणि तो नवा पासवर्ड टाका. होम ७५० असलं तरी उघडेल, कारण आता आत येणारे तुम्हीच आहात. तरीही नाही उघडलं तर उबंटूची व्हर्जन आणि विंडोजवर येणारा मेसेज जसाच्या तसा लिहून पाठवा.