आधी आज्ज्या गोळा करा, कपाट नंतर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सोलापूरच्या पूर्व भागात पोरांच्या वाचनालयासाठी मंडळाची खोली मिळालीय, तीन ते आठ वयाची तीसेक पोरं आहेत, घरी कुणी तेलुगू बोलतं, कुणी कन्नड, कुणी उर्दू, थोडी मराठी घरची. आणि तुम्ही विचारताय की शाळेची तयारी होईल म्हणून मराठी-इंग्लिशचीच पुस्तकं ठेवावीत का, आणि एकमेकांची संस्कृती कळावी म्हणून वर्षातून एकदा वेशभूषेचा कार्यक्रम घ्यावा का. मी नऊ वर्षं रविवारी हेच करतोय, म्हणून आधी उत्तर देऊन टाकतो. पहिल्याला नको, दुसऱ्याला तर अजिबात नको. कारणं सांगायला जरा लांबण लागेल.

वेशभूषेचं आधी, कारण ते आम्ही करून बसलोय. पहिल्याच वर्षी केला होता. तेलुगू घरातल्या एका पोराला धोतर नेसवलं, डोक्यावर कागदाचा फेटा, आणि स्टेजवर उभं केलं. तो कार्यक्रम संपल्यावर मला विचारतो, काका, माझे पप्पा मागावर प्यांट घालून जातात, मग ते तेलुगू नाहीत का? मला काही उत्तर सुचलं नाही, खरं सांगतो. त्या दिवसापासून फेटे बंद. शेजारच्या घरात काय चालतं ते पोराला आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं, तो तिथं जेवून आलेला असतो. त्याला माहीत नसते ती त्या घरातली गोष्ट.

आता भाषेचं. पोराने कविता म्हटली, अक्षरं गिरवली की आपण म्हणतो वाचायला लागला. पण वाचण्याच्या आधी बरंच काही व्हावं लागतं, गोष्टीला पुढं काहीतरी होतं हे कळावं लागतं, पान उलटलं की काय येईल याचा अंदाज करावा लागतो, आणि शब्द भरपूर कानावर पडलेले असावे लागतात. हे सगळं ज्या भाषेत पोराला स्वप्नं पडतात त्या भाषेत लवकर होतं, आणि एकदा झालं की दुसऱ्या भाषेत परत पहिल्यापासून करावं लागत नाही. कॅनडातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी 1979 मध्येच हे मांडलंय की एका भाषेतलं वाचनाचं कौशल्य दुसरीच्या कामी येतं. आईबाप मात्र तुम्हाला हमखास म्हणतील, घरी तेलुगूच बोलतोय की, इथं तरी मराठी शिकवा. त्यांच्याशी वाद घालू नका, मराठी शिकवाच, पण घरचीला दारात चपलांसारखी काढून ठेवायला लावू नका.

मग करायचं काय? शब्द नसलेली चित्रांची पुस्तकं आणा. सगळ्यात आधी हीच. आमच्याकडं येणाऱ्या पोरांच्या घरी आया आणि आज्ज्या विड्या वळतात, मांडीवर सूप, त्यात पान-तंबाखू, दोन्ही हात गुंतलेले. त्या पुस्तक धरू शकत नाहीत, आणि बऱ्याच जणींना वाचता येत नाही, म्हणून आम्हाला वाटायचं घरी पुस्तक देऊन उपयोग नाही. इथंच आमचं चुकलं. हात गुंतलेले असतात, तोंड मोकळं असतं की! पोरगं समोर बसून पुस्तक धरतं, पान उलटतं, अम्मम्मा (तेलुगू घरातली आजी) विडी वळता वळता चित्राकडं बघून तेलुगूत सांगत जाते, मधेच विचारते हा का रडतोय, पोरगं उत्तर देतं. एका अम्मम्माने मला सांगितलं, मी शाळेत गेले नाही पण या पुस्तकातली गोष्ट दर वेळी वेगळी सांगते, पोरगं भांडतं की काल असं नव्हतं म्हणून. आता बोला. पोरगं भांडतंय म्हणजे कालची गोष्ट त्याच्या डोक्यात पक्की आहे.

पुस्तकं परत येताना तंबाखूचा वास घेऊन येतात हे पण सांगून ठेवतो. आमच्या एका कार्यकर्तीने नाक मुरडलं होतं, पोरांसमोरच, पुढचे तीन रविवार त्या गल्लीतली पोरं आली नाहीत. आता जुन्या चादरींच्या पिशव्या शिवून घेतल्यात, पुस्तक पिशवीत जातं, सुपापासून लांब ठेवायचं एवढाच नियम. आणि फाटलं तर दंड नाही. कात्री, टेप, डिंक ठेवलेला एक डबा आहे, त्याला पोरं दवाखाना म्हणतात, ज्याने फाडलं त्यानेच टाके घालायचे.

गोष्ट सांगायच्या रविवारी आम्ही काऊ-चिऊ घेतो. मी मराठीत सांगतो, मग एक अज्जी कन्नडमध्ये सांगते, तिची चिमणी गुब्बी. अम्मम्माची पिच्चुका. कावळा मात्र कन्नडमध्ये कागे, तेलुगूत काकि, म्हणजे सगळीकडं जवळपास का-काच करतो, हे पोरांनीच शोधलं. मांजराच्या दिवशी तर लै धमाल झाली. तेलुगूत मांजर म्हणजे पिल्ली, उर्दूवाली पोरगी म्हणाली नाही बिल्ली, आणि मराठीवाला ओरडला अरे पिल्लू तर कुत्र्याचं पण असतं. कन्नडवाला बिचारा बेक्कु बेक्कु करत एकटा पडला. मला विचाराल तर एकमेकांच्या भाषेची ओळख म्हणतात ती त्या दिवशी झाली, आणि त्याला खर्च शून्य.

पुस्तकं कुठून आणायची ते विचारलंय. नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची पुस्तकं बघा, स्वस्त असतात आणि बरीचशी एकच पुस्तक मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा वेगवेगळ्या भाषांत निघालेलं असतं, तो पूर्ण संचच घ्यायचा. चेन्नईच्या तूलिकाची दोन भाषा एकाच पानावर असलेली पुस्तकं आहेत, पण त्यातली एक इंग्लिश. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर 2015 पासून आहे, तिथून गोष्ट मोफत उतरवून छापायला परवानगी लागत नाही, लेखक-चित्रकाराचं नाव तेवढं ठेवायचं. तेलुगू आणि कन्नड पुस्तक शेजारी ठेवलं तर पोरं स्वतःच अक्षरं जुळवत बसतात, दोन्ही लिप्या एकाच जुन्या लिपीतून आल्यात, 'क' तर जवळपास सारखाच दिसतो. उर्दूचं पुस्तक उलट्या बाजूने उघडतं, आम्ही सहा महिने ते मांडणीवर पाठमोरं ठेवत होतो! एका सात वर्षांच्या पोरीने येऊन सगळी सरळ केली, आणि तेव्हापासून ती मांडणी तिच्याच ताब्यात आहे.

कन्नड म्हणजे बाहेरची भाषा असं कुणी मोठं माणूस म्हणालंच (म्हणतात, मंडळाच्या मीटिंगमध्येच म्हणतात) तर गड्ड्याच्या जत्रेची आठवण करून द्या. ज्या सिद्धरामेश्वरांच्या यात्रेला अख्खं सोलापूर लोटतं त्यांनी बाराव्या शतकात वचनं, म्हणजे भक्तीच्या छोट्या रचना, लिहिल्या त्या कन्नडमध्येच. नारळी पौर्णिमेला तेलुगू विणकरांच्या मार्कंडेयाचा रथ बघायला कुठल्या भाषेची पोरं नसतात सांगा. यावर भाषण नको, गड्ड्याहून आल्यावर पोरांना चित्र काढायला लावा आणि प्रत्येकाला आपल्या घरच्या भाषेत दोन ओळी सांगायला लावा, मोठ्यांपैकी ज्याला ती लिपी येते त्याने खाली लिहायच्या. चित्रं टाचली की घरचं पुस्तक तयार. आमच्याकडं अशी चाळीसेक आहेत, सगळ्यात जास्त तीच फाटतात.

कपाटाला कुलूप लावू नका. देणगीत आलेलं काचेचं कपाट आम्ही कौतुकाने लावलं, किल्ली एका काकांकडं, काका लग्नाला गेले की वाचनालय बंद. ग्रंथालयशास्त्राचे जाणकार रंगनाथन यांनी 1931 मध्ये वाचनालयाचे पाच नियम सांगितले त्यातला पहिलाच हा की पुस्तकं वापरण्यासाठी असतात. दोरीवर चिमट्याने पुस्तकं टांगा, मुखपृष्ठ दिसलं पाहिजे, तीन वर्षाचं पोरगं पुस्तकाच्या कण्यावरचं नाव वाचून पुस्तक निवडत नाही.

महाराष्ट्राच्या 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखालची मान्यता, अनुदान, ड वर्गाचा दर्जा वगैरे लोक सुचवतील. पहिली दोन वर्षं त्या नादी लागू नका.

त्यापेक्षा अंगणवाडीत लसीकरण असतं त्या दिवशी तिथल्या ताईंना विचारून बाहेर चटई टाका. इंग्लंडात बर्मिंगहॅमला 1992 मध्ये बाळांना पुस्तकं द्यायचं बुकस्टार्ट 300 बाळांपासून सुरू झालं ते असंच, बाळाच्या तपासणीला आलेल्या आईच्या हातात पुस्तकांची पिशवी. लोक जिथं येतातच तिथं आपण जायचं. आम्हाला नव्या आया सगळ्यात जास्त तिथंच भेटल्या.

वेळ मात्र तुमच्या सोयीने ठरवू नका. नळाला पाणी यायच्या दिवशी कुणी येणार नाही, त्या दिवशी ठेवूच नका, गल्लीत विचारून कॅलेंडरवर खुणा करा. एप्रिल-मेमध्ये सकाळी आठच्या आत नाहीतर संध्याकाळी सहानंतर. आणि पहिल्या रविवारी पुस्तकं दहा असली तरी चालतील, पण तीन भाषांच्या तीन आज्ज्या आधी घरी जाऊन सांगून ठेवा. नुसतं या म्हणालात तर येणार नाहीत, विड्यांचं काम बुडतं. सूप घेऊनच या, पण पोरांपासून लांब, दारापाशी वाऱ्याला बसा म्हणा, मग येतात.